गळावर घेतलेलं नाव

"पण नेमका तोच लागेल ना, बाबा?"

दाऊदबाबा लोबानासाठी निखारे फुलवत होते. वारा फिरला आणि धूर सगळा त्यांच्याच डोळ्यांत गेला. ते खोकले, खांद्यावरच्या हिरव्या फडक्याने नाक पुसलं आणि म्हणाले, "तोच म्हणजे कोण?"

"तलवार मासा. दुसरं काही नको मला. सुरमई नको, कुपा नको, मुशी नको. तो एकटा पाहिजे."

"बांगडा?"

"नको."

"आला तरी नको?"

"बाबा, थट्टा नको," सोमा म्हणाला.

बाबांनी मान डोलावली. थट्टा नको म्हटल्यावर थट्टा थांबवतील अशातले ते नव्हते, पण ती उद्यावर टाकतील इतके चांगले मात्र होते.

गावाच्या टोकावरच्या पिराच्या ओट्यावर सोमाने टोपली उतरवून ठेवली होती. टोपलीत दोर होता. एकच लांबच लांब जाड दोर, त्याला वाव-वाव अंतरावर लोंबणाऱ्या बारीक दोऱ्या आणि प्रत्येक दोरीच्या शेवटाला बोटाएवढा वाकडा गळ. गळांना बांगडे टोचायचे, दोर समुद्रात सोडायचा, वर तरंगायला बोये बांधायचे आणि वाट बघायची. एवढंच काम. बाकीचं गळ करतात.

त्या गावात जाळं असो की दोर, पाण्याला लागण्याआधी पिराच्या ओट्यावर यायचं. आणणारा हिंदू गाबीत असो की मुसलमान दालदी. बाबा लोबानाचा धूर दाखवायचे, एक फुंकर मारायचे, मगच सामान होडीत चढायचं. कुणी विचारलं नव्हतं असं का. न विचारता चालत आलेल्या गोष्टींपैकी ती एक होती.

हा दोर मात्र नवा नव्हता. तो एकदा या ओट्यावर येऊन गेलेला होता. तेव्हा टोपली लवूच्या डोक्यावर होती.

लवू म्हणजे सोमाचा थोरला भाऊ. शिमग्याच्या आधी तो हाच दोर घेऊन गेला. दोराला तलवार मासा लागला. मासा पळाला, होडीतला दोर भराभरा सुटत गेला, आणि सुटत्या दोराचं एक वेटोळं लवूच्या पायात अडकलं. बरोबरच्यांनी सुरी काढेपर्यंत होडीत लवू नव्हता. उरलेला दोर घेऊन ते परत आले.

दोर आला. लवू आला नाही.

त्या दिवसापासून सोमाने माशाला तोंड लावलं नव्हतं. आईला त्याने सांगून टाकलं होतं, "ज्याने दादाला नेला तो या घरात तुकडे होऊन येईल, तेव्हाच या घरात मासा शिजेल." दिवस झाले, सुतक फिटलं, पाहुणे गेले. पण सोमाचं फिटेना. आई, वहिनी, वहिनीची लहानगी पोर, सगळ्यांनी त्याच्याबरोबर डाळभात धरला. पोर ताट ढकलून द्यायची. आई एकदा चुलीकडे तोंड करून म्हणाली होती, "कोळणीच्या घरात माशाचा वास नाही, म्हणजे घरात अजून मढंच आहे."

सोमाने ते ऐकलं होतं. ऐकून दोर दुरुस्त करायला घेतला होता.

"फुंकर मारतो," बाबा म्हणाले. "पण फुंकरीला नाव लागतं. नाव नसलं तर ती नुसती हवा."

"तलवार माशाच्या नावाने मारा."

"त्याला नाव काय ठेवलंय आईने?"

"बाबा…"

"बरं, बरं."

"आणि सगळ्या दोराला एक फुंकर नको. प्रत्येक गळाला वेगळी पाहिजे."

बाबांनी टोपलीत डोकावून बघितलं. गळच गळ होते. त्यांनी आपल्या पोटाकडे बघितलं, मग उन्हाकडे.

"जेवण राहील माझं," ते म्हणाले.

तरी बसले. एकेक गळ उचलायचे, ओठांजवळ न्यायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि फुंकर मारून बाजूला ठेवायचे. सोमा समोर उकिडवा बसून बघत होता. त्याने कान पुढे केला, पण लाटांच्या आवाजात नाव काही ऐकू आलं नाही. ऊन कलेपर्यंत ते चाललं. शेवटचा गळ ठेवून बाबांनी हात झटकले.

"झालं. आता लागणार त्यालाच."

"नक्की?"

"नाही लागला तर मला येऊन धर."

"कुठे धरायला येऊ? तुम्ही इथे ओट्यावर, मी तिथे समुद्रात."

बाबा हसले. त्यांचं पोट आधी हसायचं, मग दाढी, मग ते.

"खरंय. मग मीच येतो होडीतून."

सोमा बघतच राहिला. सगळं गाव जाणत होतं की आयुष्यभर होड्यांना फुंकर मारणारा हा माणूस कधी होडीत बसलेला नव्हता. गुडघाभर पाण्यातसुद्धा तो लुंगी डोक्यापर्यंत उचलून उतरायचा.

"तुम्हाला पाण्याची भीती वाटते ना, बाबा?"

"फार."

"मग?"

"म्हणून तर तुझ्याबरोबर येतो. तुला कसलीच वाटत नाही. दोघांत मिळून बरोबर होईल."

पहाटे होडी निघाली. खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहिल्या आणि बाबांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरून सगळ्या पिरांची नावं एका दमात घेतली. लाटा ओलांडल्यावर डोळे उघडले. समोर गुलाबी पाणी होतं, पार क्षितिजापर्यंत, आणि त्यावरून पाखरांची एक ओळ चाललेली.

"अरे," बाबा म्हणाले. "एवढं होतं हे? आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत?"

सोमाने इंजिन बंद करून दोर सोडायला घेतला. गळाला बांगडा टोचायचा, दोरी पाण्यात टाकायची, पुढचा गळ. हात भराभर चालत होते. हे त्याला लवूने शिकवलं होतं. लवू दोर सोडताना शीळ घालायचा. सोमा दात आवळून सोडत होता.

"वेटोळ्यांत पाय ठेवू नका, बाबा."

"नाही ठेवत."

"ठेवलाय."

"अरे हो."

बोये दूरवर लाटांवर नाचायला लागले. आता वाट बघायची. बाबांनी भाकरी सोडली, चटणी काढली. मग एकदा होडीच्या कडेवरून वाकून ती भाकरी समुद्राला परत दिली. तोंड धुतलं. उरलेली भाकरी पुन्हा खायला घेतली.

"पोट आहे की बंदर?" सोमा न राहवून म्हणाला.

"बंदरच. एक बोट गेली की दुसरी लागते."

सोमाच्या ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी झालं. त्याने लगेच तोंड फिरवलं.

ऊन वर आल्यावर त्याने दोर ओढायला सुरुवात केली. पहिले गळ रिकामे आले. बांगडे कुणीतरी अलगद खाऊन गेलेलं. मग दोर जड झाला.

"बाबा, आला."

सोमाने पाय रोवले. हात, खांदे, पाठ सगळं ओढत होतं. पाण्याखाली काहीतरी मोठं, काळपट वळलं आणि वर आलं.

कासव होतं.

जबड्यात गळ अडकलेला. ते श्वास घ्यायला तोंड वर करत होतं आणि सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येत होता. सोमाने दोर हातातच धरून बाबांकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही नक्की त्याचंच नाव घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं नाव."

"मग हे कसं आलं?"

"विचारतो." बाबा वाकले, कासवाच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "बाई, लवूला तुम्ही नेलंत का?"

कासवाने सुस्कारा टाकला.

"नाही म्हणते," बाबा म्हणाले. "ती आपल्या अंड्यांच्या कामाला निघाली होती. घाईत आहे."

सोमाला राग आला होता, पण कासव म्हणजे देव, त्याच्यापुढे राग धरता येत नाही. त्याने मनातल्या मनात हात जोडले. ते वर घेतलं, मांडीवर दाबून धरलं आणि गळ सोडवला. पाण्यात सोडल्यावर कासव क्षणभर तिथंच थांबलं, जणू खात्री करून घेत होतं. मग गेलं.

पुढे पाकट आलं, होडीच्या फळीएवढं रुंद, पंखांसारखी कड फडफडवत.

"साहेब," बाबांनी विचारलं, "लवूला तुम्ही नेलंत?"

पाकटाने शेपटी आपटली. बाबा मागे सरले आणि वेटोळ्यांत बसले.

"चिडले. म्हणतात, मी तळाशी वाळूत झोपणारा माणूस, बांगड्याचा वास आला म्हणून वर आलो, मला कशात गोवताय?"

"बाबा, शेपटीला काटा असतो त्याच्या. आणि वेटोळ्यांतून उठा."

"उठतो."

सोमाने दोरी कापून पाकट सोडलं. आता त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला जे होत होतं ते थांबवायला त्याला गालाचं आतलं मांस चावावं लागलं. पाकटाचा आवाज बाबांनी असा काढला होता की गावचे म्हातारे खोत डोळ्यांपुढे यावेत.

मग मुशी आली. लहान होती. गळ निघाला, पण पाण्यात सोडल्यावर ती पोहली नाही. उलटी झाली, पांढरं पोट वर केलं आणि हळूहळू खाली गेली. मुशीला सतत पोहावं लागतं, थांबली की गुदमरते, हे लवूनेच सांगितलं होतं. बाबा तिला काही विचारायला वाकले होते. ते तसेच थोडा वेळ वाकून राहिले.

पुढच्या गळाला पाखरू होतं.

दोर सोडताना पाण्यावरचा बांगडा टिपायला ते झेपावलं असणार. गळ लागला, दोर बुडाला, पाखरू दोराबरोबर खाली गेलं. पिसं अंगाला चिकटली होती. होडीत घेतलं तेव्हा त्याच्या चोचीतून पाणी गळलं. मोठं दिसणारं पाखरू हातात घेतल्यावर काहीच वजनाचं नव्हतं.

सोमाने बाबांकडे बघितलं. तो वाट बघत होता. बाबांनी काहीतरी म्हणावं, आवाज काढावा, असं त्याला वाटत होतं.

बाबांनी त्याची चिकटलेली पिसं बोटाने सरळ केली.

"विचारा की," सोमा म्हणाला.

"काय विचारू याला?"

सोमाने चोचीतला गळ हळूच सोडवला.

"उडणारं होतं रे हे."

होडी हलत होती. बोये दूरवर नाचत होते. बाबांनी खांद्यावरचं हिरवं फडकं काढलं, त्यात पाखरू गुंडाळलं आणि ते मांडीवर घेऊन बसले.

"सोमा, लवूला माशाने कसं नेलं ते सांग."

"तुम्हाला ठाऊक आहे."

"तू सांग."

"मासा पळाला. दोर सुटला. वेटोळं पायात अडकलं."

"माशाला लवूचा पाय हवा होता?"

"नाही."

"मग पाय कुणाला हवा होता?"

सोमा हातातल्या दोराकडे बघायला लागला.

"दोराला?"

"दोराला काय कळतं, बाबा. दोर तो. जे अडकेल ते अडकेल."

"हं…" बाबा म्हणाले आणि मांडीवरच्या फडक्यावर हात ठेवला.

सोमाला काहीतरी कळलं आणि ते त्याला कळायला नको होतं. कानशिलं तापली.

"म्हणजे दादाचीच चूक? दादाचा दोर, म्हणून दादाने स्वतःलाच मारलं, असं म्हणायचंय तुम्हाला? इथे बसून भाकरी खाताय आणि माझ्या दादाला नावं ठेवताय?"

"मी नाव…"

"पुरे. मला मासा पाहिजे. बास."

त्याने दोर दोन्ही हातांनी असा हिसडला की पाण्यातले पुढचे दोन-तीन गळ एकदम उसळून होडीत आले. एक फळीवर आपटला. एक बोयावर. एक थेट बाबांच्या अंगठ्यात शिरला.

बाबांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला. गळ त्याच्या उलट्या दातापर्यंत आत गेला होता.

"लागलं," ते म्हणाले. "सोमा, काहीतरी लागलं बघ. वजनाला बरं आहे."

सोमा पांढराफटक पडला. "बाबा, मी मुद्दाम नाही…"

"मला विचार ना. लवूला मी नेलं का म्हणून."

सोमा विचारणारच होता, पुढे होऊन अंगठा धरणारच होता, तेवढ्यात दोर त्याच्या हातात जड झाला.

कासवासारखा जड नाही. पाकटासारखाही नाही. दोर एकदा थरथरला, थांबला, आणि मग खालून कुणीतरी तो ओढून घ्यायला लागलं.

तळव्यांची सालं निघाली. पाणी फुटलं, आणि होडीपासून चार वल्ह्यांवर तो हवेत उठला. निळा, लखलखीत, नाकापुढे धारदार लांबट तलवार. सगळ्या अंगाने उन्हात वळला आणि पुन्हा पाण्यात गेला. सोमाने इतके दिवस डोळे मिटल्यावर जो बघितला होता, तोच.

"आला, बाबा. तो आला."

होडीतली वेटोळी एकामागून एक उठायला लागली. सर्र, सर्र, दोर कडेवरून घासत पाण्यात चालला होता. सोमाने पाय रोवला. सगळा जीव हातांत आणला. आणि का कुणास ठाऊक, मागे वळून बघितलं.

बाबा वेटोळ्यांत बसले होते.

सकाळपासून सांगून सांगून जिथून उठवलं होतं, तिथेच. मांडीवर पाखरू. अंगठ्यात गळ, गळाची दोरी त्याच पळत्या दोराला. आणि त्यांच्या घोट्याभोवतीचं वेटोळं आवळत चाललं होतं.

बाबा ओरडले नाहीत. सोमाकडे बघत होते एवढंच. त्या बघण्यात भीती भरपूर होती, पण मागणं काही नव्हतं.

सुरी कंबरेला होती. ती हातात कधी आली हे सोमाला नंतरही सांगता आलं नाही. कडेवर दोर ताठ झाला होता. त्याने पातं टेकवलं.

दोर तुटताना तारेसारखा वाजला.

बाबा मागच्या मागे बांगड्यांच्या टोपलीत पडले. तुटलेलं टोक चाबकासारखं पाण्यावरून गेलं. दूर तो पुन्हा उसळला, एकदा, दोनदा, जोरात डोकं झाडलं आणि त्याच्या तोंडातून गळ निसटला. बारीकसा, चमकणारा, उन्हात गिरकी घेऊन पाण्यात पडला. तिसऱ्यांदा तो उसळला तो काही अडकलं नसताना. उगाच. केवळ उसळायचं म्हणून.

सोमा उभा होता. छाती भात्यासारखी चालली होती.

"सुटला?" टोपलीतून आवाज आला.

"सुटला."

"सुटला की सोडलास?"

"…सोडला."

"कसा होता?"

"पोरगेला होता, बाबा." सोमाने सुरी खाली ठेवली. "एवढासा. तलवारसुद्धा अजून पुरती वाढली नव्हती. दादा गेला तेव्हा… तेव्हा तर हा याहूनही लहान असेल."

मग त्याचं लक्ष टोपलीकडे गेलं. बाबांचे पाय वर, पोट वर, दाढीत बांगडा, एका हातात फडक्यात गुंडाळलेलं पाखरू आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कुणाला तरी आशीर्वाद दिल्यासारखा आभाळाकडे.

सोमा हसला. आधी नाकातून, मग घशातून, मग त्याला उभंही राहवेना. तो फळीवर बसला आणि हसता हसता रडायला लागला, आणि रडतोय हे कळल्यावर आणखी हसला. बाबाही टोपलीतून हसत होते, आणि प्रत्येक हसण्याला होडी डचमळत होती.

"मला उचल," ते म्हणाले. "नाहीतर बांगडे नमाज पढायला लागतील."

मग त्यांनी बोयांच्या मागे होडी हाकून पाण्यातला सगळा दोर गोळा केला. एक तुकडा मागे ठेवला नाही. आणखी एक कासव होतं, तेही जिवंत. या खेपेला त्याला वाकून सोमानेच विचारलं, "बाई, आमच्या दादाला कुठे बघितलंत का?" कासवाने सुस्कारा टाकला. सोमाने गळ काढला आणि म्हणाला, "भेटला तर सांगा, सोमा बरा आहे."

पाखराला त्यांनी हिरव्या फडक्यासकट पाण्यात सोडलं.

किनाऱ्यावर आई उभी होती. सकाळपासून उभी असावी, पायाभोवतीची वाळू खचली होती. होडीत तिने आधी सोमा आहे का ते बघितलं. मग दोर. मग काय आणलं ते.

"मिळाला?" तिने विचारलं.

"मिळाला होता, आये."

"मग?"

"सोडला."

आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. काय शोधत होती कोण जाणे, पण ते तिला सापडलं असावं. पदर खोचत ती टोपलीपाशी गेली.

"यात काय आहे?"

"बांगडे. गळाला लावायचे उरले ते."

"कुणीतरी बसलंय यांच्यावर."

"मीच तो," बाबा म्हणाले. "सॉरी."

आईने टोपली डोक्यावर घेतली आणि घराकडे निघाली. जाताना मागे न बघता म्हणाली, "वहिनीला हाक मार, चूल पेटवायला सांग." थोडं पुढे जाऊन पुन्हा, आवाज चढवून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं, "आणि बाबांना घेऊन ये. जेवूनच जातील."

पडवीत बाबा अंगठा पुढे करून बसले. सोमाने गळ चिमटीत धरला आणि आपल्या स्वभावाप्रमाणे एकदम मागे ओढला.

बाबा इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारची कोंबडी उडाली.

"असा नाही निघत, रे," चुलीपुढून वहिनी म्हणाली. लवू गेल्यापासून ती अशी आपणहून बोलली नव्हती. "उलटा दात असतो त्याला. मागे ओढलं की आणखी रुततो. तुझे दादा काय करायचे? आठव."

सोमाने आठवलं. लवूच्या बोटांत गळ जायचाच कधीमधी. तो शीळ घालत गळ पुढे ढकलायचा, जिकडे आधीच चालला होता तिकडे, टोक कातडीतून पलीकडे बाहेर येईपर्यंत. मग दात पकडीने तोडायचा. मग गळ आला तसा मागे जायचा, गुपचूप.

"दुखेल, बाबा."

"दुखतंयच."

सोमाने गळ पुढे ढकलला. त्याने ओठांचा चंबू केला आणि त्यातून काहीतरी बेसूर बाहेर आलं. शीळ होती ती. वहिनीने मान वर केली नाही, पण चुलीतलं लाकूड तिने उगाचच दोनदा सरकवलं. टोक बाहेर आलं, दात तुटला, गळ सुटला. बाबांनी अंगठा तोंडात घातला आणि लहान मुलासारखे बसून राहिले.

तव्यावर बांगडे चरचरले. वास पडवीत आला, दारातून बाहेर गेला, वाडीत फिरला. वहिनीची पोर वासामागे धावत आत आली आणि सगळ्यांच्या आधी ताटापुढे बसली.

आईने पहिला बांगडा सोमाच्या ताटात घातला. तो बघत राहिला. कुणी त्याला खा म्हणालं नाही. त्याने एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

मग बराच वेळ घरात नुसत्या खाण्याचा आवाज होता.

"बाबा," सोमा म्हणाला, "एक विचारू?"

"तोंडात घास आहे तोवर विचार. नंतर मी झोपणार."

"तुम्ही म्हणालात, लागणार त्यालाच. प्रत्येक गळ ओठांपाशी नेऊन तुम्ही नाव घेत होता. खरं सांगा, कुणाचं घेत होता?"

बाबांनी दातांतला काटा काढला, ताटाच्या कडेला नीट ठेवला. फडकं बांधलेला अंगठा बघितला. मग सोमाकडे बघितलं, त्याच्या ताटातल्या अर्ध्या बांगड्याकडे बघितलं.

"जो आता बांगड्याला लागलाय, त्याचं."